एका गावाचा एक अंगठा

मोहर्ली
रविवार, ता. ११ जून १९८९

चि. गुलाब यास सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला. बापानं मुलाची माफी मागायची असते की नाही ते मला ठाऊक नाही, पण मागतो. लग्नाला महिना उलटून गेला. कितीदा तरी लिहायला बसलो आणि दर वेळी पहिल्याच ओळीत शिवी आली, म्हणून कागद चुलीत घातला. तुझी मनकर्णा आत्या म्हणाली, “भाऊ, कागदच जाळाचे होते तं मी गोवऱ्या कायले थापल्या?” म्हणून आज शिवी न देता लिहितो आहे. जमेल तितकं.

तू मला इथे टाकून टेम्पोत बसून चंद्रपूरला निघून गेलास, त्याचा राग नाही. राग आहे, पण तो नंतर. आधी त्या बाटल्यांचं. आत्याच्या नातीचं लग्न, मे महिन्याचं ऊन, बर्फ वाटेतच विरघळला आणि वऱ्हाड थंड प्यायला मागत होतं, हे सगळं मला कबूल. पण तू दुकानातला फ्रिजमध्ये भरायच्या गॅसचा सिलिंडर आणून उलटा धरलास आणि टबातल्या बाटल्यांवर भसाभस सोडलास. बाटल्यांवर बर्फ धरलं. लोक टाळ्या वाजवायला लागले आणि तुला आणखी चेव चढला. नवरदेवाच्या मामाच्या दंडावर गंमत म्हणून फवारा मारलास. तो आधी हसला. मग दंड पांढरा पडला, आणि संध्याकाळी त्यावर आवळ्याएवढा फोड. तो फोड पाहून मला जेवण गेलं नाही. त्याहून शिसारी मला लोकांच्या हसण्याची आली, आणि मधोमध उभ्या असलेल्या तुझी.

मी सगळ्यांसमोर ओरडलो. तू म्हणालास, “बाबा, तुमी पंख्याखाली बसा. हे तुमच्या डेपोतलं लाकूड नोहे.” सगळे पुन्हा हसले.

खरं आहे. मी चौथी शिकलेला माणूस, आलापल्लीच्या सागवान डेपोत राखणदारी केली. पण दोन वर्षं तुझ्या दुकानात बसून फ्रिजच्या जाळ्या धुतल्या, आणि तू काय करतोस ते रोज पाहिलं. नळीत कचरा अडकला की नवा गॅस सोडून नळी धुवायची. जुना गॅस काढायचा म्हणजे दारात नेऊन हवेत सोडायचा. वास नाही, रंग नाही, म्हणून मलाही तेव्हा काही वाटलं नाही. मग रेडिओवर एक बाई बोलल्या. तुझ्या दुकानातच ऐकलं, तू पान खायला गेला होतास. हा गॅस वर जातो आणि शंभर शंभर वर्षं मरत नाही. उन्हातलं वाईट ते गाळणारा एक थर वर आहे, तो हा खातो. शिवाय जमिनीची गरमी गोधडीसारखी दाबून धरतो. जगातल्या देशांनी तो कमी करायचा करार केला आहे, असं त्या म्हणाल्या. तुला सांगितलं तर तू रेडिओचा कान पिळून गाणी लावलीस.

डेपोत आग लागली की धूर दिसायचा, माणूस बादली घेऊन धावायचा. याला धूरच नाही. माझ्या छातीत तेव्हापासून धडधड होते. आत्या म्हणते गॅसेस झाले, ओवा खा.

तर मी अर्ज लिहिला आहे. चंद्रपूरला हवेच्या प्रदूषणाचं सरकारी ऑफिस आहे, तिथे देणार. जुना गॅस हवेत न सोडता परत बाटलीत भरावा, नळी धुवायला गॅस वापरू नये, गळती बुजवल्याशिवाय नवा गॅस भरायला बंदी असावी, आणि लग्नात बाटल्या थंड करणाऱ्याला दंड करावा. हे शेवटचं तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. म्हणजे आहे, पण फक्त तुझ्यासाठी नाही.

सूनबाई सत्यशीलाला आशीर्वाद. तिचा खोकला कसा आहे?

तुझा बाबा

मोहर्ली
रविवार, ता. २ जुलै १९८९

चि. गुलाब यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. मागचं पत्र पोचलं नसेल असं समजून चालतो. पोचलं असेल तरी तसंच समजतो.

मी ऑफिसात जाऊन आलो. हवा साफ ठेवणाऱ्यांचं ऑफिस, आणि जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिंका, वाळलेल्यांवर ओल्या. धोतर सावरून चढलो तरी काठाला लागलंच. वर मोठे बाबू बसले होते, दात कोरत. अर्ज त्यांनी कोरायच्या काडीनंच पुढे ओढला.

“कोनाविरुद्ध तक्रार हाय?”

“कोनाविरुद्ध नाई. गॅसाविरुद्ध.”

“मंग गॅसाचा पत्ता काय? गाव, तालुका?”

सगळी टेबलं हसली. एक जण म्हणाला, “बाबूजी, आजोबाच्या पोटातला असन, लिहून घ्या.” मी उभाच. खुर्ची कोणी दिली नाही. मागितली असती तर दिली असती की नाही, कुणास ठाऊक.

मग साहेबानं आत बोलावलं. तरुण आहे, पुण्याकडचा वाटला. त्यानं अर्ज पूर्ण वाचला, हे खरं सांगायला पाहिजे. त्याला त्या कराराची माहिती होती. म्हणाला, “आजोबा, त्यावर आपल्या देशानंच अजून सही केलेली नाही. मी कुठला नियम लावू? आणि तुम्ही एकटे. एकट्या माणसाच्या म्हणण्यावर सरकार हलत नाही. लोक आणा.” मग विचारलं, “असा गॅस गळताना तुम्ही कुठे पाहिलात? एक तरी जागा सांगा.”

मी म्हणालो, आठवत नाही.

गुलाब, आता लिहितो ते सत्यशीलाला वाचून दाखवू नको. साहेबाच्या खोलीत थंड हवेची मोठी मशीन आहे. तिचा पंप बाहेर व्हरांड्यात आणि तांब्याची नळी भिंतीतून आत. त्या नळीवर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. जांभळ्या, बारीक पिवळ्या काठाच्या. ते लुगडं आपल्याच घरचं, मी अंगणात दोरीवर वाळताना किती वर्षं पाहिलं आहे. नळीला लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळणारा चंद्रपुरात तूच एक. पट्टीखाली जोडावर तेलाचा काळा डाग होता. दुकानात तूच मला शिकवलंस, तेल ओघळलं म्हणजे तिथून गॅस जातो.

आणि तुला गॅस आणि कामं देणारा एजन्सीवाला शेठ तुझ्या दुकानात बाकावर बसून काय म्हणाला, तेही माझ्या कानात आहे. मी मागे जाळी घासत होतो. “गुलाबभाऊ, भोक बुजवलं तं पुढच्या सालात खाऊ काय? भोकावरच तं दुकान चालते आपलं.” आणि तू ‘हो शेठ’ म्हणालास. दर एप्रिलात जाऊन तीच मशीन पुन्हा भरायची. गॅसवर बंदी मागायला मी ज्या साहेबासमोर उभा होतो, त्याच्या डोक्यावर तुझाच गॅस गळत होता.

बोट वर केलं असतं की झालं असतं. मी केलं नाही. तुझं दुकान गेलं असतं. खाली उतरताना त्या पिंकांपेक्षा मला माझीच जास्त घाण वाटली. घरी येऊन पाय घासून घासून धुतले.

पण साहेब लोक आणा म्हणाला. ते मी आणणार. लोक आले म्हणजे मग जागा सांगायची गरज पडणार नाही, असं मला वाटतं. तुझंही नाव कुठे येणार नाही. याला खोटं म्हणतात का?

तुझा बाबा

मोहर्ली
रविवार, ता. २३ जुलै १९८९

चि. गुलाब यास आशीर्वाद.

तुझं नाही, पण सत्यशीलाचं पत्र आलं. तिनं लिहिलं आहे की शेठला माझ्या अर्जाची बातमी लागली, ऑफिसातल्याच कोणीतरी सांगितली. तू म्हणालास म्हणे, “बाबाले सांग, अर्ज पुढं सरकला तं माझं दुकान बंद समजा.” हे तिच्या अक्षरात वाचायला लावलंस. स्वतः लिहायला हात नव्हता?

तिनं आणखी एक लिहिलं, तुला न विचारता. सरकारी दवाखान्याच्या लसीच्या फ्रिजचं भोक तू गुपचूप बुजवलंस आणि शेठनं त्यावरून तुला दुकानात चार लोकांसमोर झापलं. ते वाचून मी बराच वेळ पत्र हातात घेऊन बसलो. आत्या म्हणाली, “काऊन रे भाऊ, कोनी गेलं का?” मी म्हणालो नाही, कोणी आलं.

आता लोकांचं. मोहर्लीत मी घरोघरी फिरलो. ज्याच्या घरी फ्रिज आहे त्यानं दार लोटलं. ज्याच्या घरी नाही तो म्हणाला, पहिले घेऊ तं द्या, मग बंद करा. आपल्याच विहाराजवळ बसणारी माणसं माझी नक्कल करत होती, उलटा लोटा धरून एकमेकांवर पाणी उडवत होती. मला वीट आला माणसांचा.

मग जंगू पाटलाच्या गावाला गेलो. जंगू तुला आठवत असेल, आत्याच्या दारी मोहफुलं विकायला यायचा, तुला खिशातून चारोळीची गोड चारं काढून द्यायचा. जंगलातलं गोंडांचं गाव, वीजसुद्धा नाही. फ्रिज म्हणजे काय ते सांगण्यातच माझा अर्धा घसा गेला. सारं गाव मोठ्या मोहाच्या झाडाखाली बसलं. त्यांच्यात रीत अशी की एक जरी माणूस नाही म्हणाला तर ठराव होत नाही, त्याला पटेपर्यंत पुन्हा पुन्हा बसायचं.

आणि नाही म्हणणारी होती सोमारी. तोंडाची तिखट बाई.

“थंडं पानी शहरवाल्याईनं पेलं, हवा शहरवाल्याईनं गरम केली, अन् अंगठा आमचा काऊन?”

जंगू म्हणाला, “आपल्याकडं तो डबा नाई, सोमारी. ऊन तं येते ना?”

“ऊन काय आजच आलं? अन् कागदावर अंगठा द्याची चटक लागली का तुले, पाटील? मांगं जंगलखात्याच्या कागदावर देल्ला, तं आपलीच गुरं कोंडली.” मग माझ्याकडे वळून, “अन् तुहा पोरगा हाच धंदा करते ना, भाऊ? त्याचा अंगठा कुठी हाय?”

त्या दिवशी बैठक तिथेच उठली.

दुसऱ्या बैठकीलाही ती नाही म्हणाली. तिसऱ्या बैठकीला ती स्वतःच उठून बोलली, “देऊ. पन एक आयकून घे. हा कागद मधातून घरी आनाचा नाई. आमचा अंगठा गेला म्हनजे तू शेवटपर्यंत जाशीन. तुह्या घरावर आलं तरी.” मी हो म्हणालो. सगळ्या गावासमोर म्हणालो.

मी शाईचा डबा उघडून सगळ्यांना रांगेत या म्हणालो. कोणी उठलं नाही. जंगूनं एकट्यानं अंगठा उठवला आणि बोट मोहाच्या खोडाला पुसलं. “झालं.”

“बाकीच्याईचे?”

“बाकीचे यातच हायेत, सोमाजीभाऊ. सगळ्याईचे अलग अलग घेतले तं गाव फुटलं असा अर्थ होते. मयत असो का भांडन, आमी असे अलग अंगठे घेत नाई.”

मी हट्ट केला असता तर त्यांच्या शब्दावर माझा भरवसा नाही असं झालं असतं. तो एकच अंगठा घेऊन मी परत आलो. वाटेत चिखलात वाघाचे पंजे होते, ताजे, पण मला भीती वाटली ती मोठ्या बाबूंची.

तुझा बाबा

मोहर्ली
सोमवार, ता. २८ ऑगस्ट १९८९

चि. गुलाब यास आशीर्वाद.

हे पत्र तरी पूर्ण वाच. आधीची फाडली असशील तर फाडली, यात सगळं स्पष्ट लिहितो.

मी अंगठ्याचा कागद घेऊन गेलो. मोठ्या बाबूंनी उलटासुलटा पाहिला. “एक अर्जदार.” मी त्यांना रीत समजावली, हा एक अंगठा म्हणजे सारं गाव. ते म्हणाले, “वा! मंग त्या गावात जेवते बी एकच जन का? राशन एकाचंच पाठवाचं का?” टेबलं पुन्हा हसली. एकानं जंगूच्या अंगठ्यावर चहाचा कप ठेवला. मुद्दाम नसेल. कपाचा गोल डाग त्या ठशावर बसला. मी कप उचलून बाजूला ठेवला. तीन वेळा बसून, भांडून, मन वळवून दिलेला शब्द. यांना तो डाग पुसायचीही लाज नाही. ज्याच्या घरी कधी थंड पाणी झालं नाही त्याचा अंगठा यांच्या कपाखाली, आणि वरून थंड हवा सुरू.

साहेबानं ते दारातून पाहिलं. मला आत नेऊन खुर्ची दिली. म्हणाला, “आजोबा, माझी बदली झाली आहे. सोमवार, चार सप्टेंबरपर्यंत मी इथे आहे. माझ्यानंतर हा कागद कोणी वाचणार नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. सगळ्यांसाठी नियम करा असा अर्ज मला घेता येत नाही. पण एका दुकानाचं नाव द्या, तिथे डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहा. मग मला पाहणी करावी लागते. पाहणी केली की अहवाल वर जातो. अहवालाला तुमच्या मागण्या आणि त्या गावाचा कागद मी जोडीन, आणि गावाची रीतही लिहीन. नाव नसेल तर हे सगळं त्या कपाटात.”

मी विचारलं, “ज्याचं नाव, त्याचं काय होईन?”

“नोटीस जाईल. एजन्सी त्याला दुसऱ्या दिवशी काढून टाकेल. सगळा दोष त्याच्यावर ढकलायला त्यांना बरंच.”

“अन् त्या धंद्यातल्याच मानसानं येऊन लिहून देल्लं तं? का शेठ असं करायले लावते म्हनून?”

साहेबानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, “मग तो साक्षीदार. मग नोटीस एजन्सीला. पण असं कोणी येत नाही, आजोबा.”

मी दुसऱ्या कुठल्या दुकानाचं नाव देऊ? ऐकीव चालत नाही. आतून पाहिलेलं दुकान मला एकच माहीत आहे.

तिथेच उठून घरी आलो. कागद साहेबाच्या टेबलावर आहे, नावाची ओळ कोरी. आल्यापासून अन्न नकोसं झालं आहे. आत्या माझ्यावर चिडते, “त्या गॅसापाई मरशीन तं मी कोनाले सांगू? गुलाबले का साहेबाले?” बाजाराच्या दिवशी जंगू भेटला. त्यानं एवढंच विचारलं, “कागद कुठवर गेला?” मी म्हणालो, चालला आहे. सोमारी मागे टोपली घेऊन उभी होती. ती माझ्याकडे पाहून बाजूला थुंकली आणि चालायला लागली. तिला कोणी सांगितलं असेल? की माझ्या तोंडावरच दिसतं?

मी हेही करून पाहिलं की अर्ज परत घेतो असं जंगूला सांगायचं. त्याच्या गावाच्या वाटेला लागलो आणि नाल्यावरून परत फिरलो. एका अंगठ्याचा शब्द परत देता येत नाही. वेगळे वेगळे असते तर कदाचित आला असता.

तू म्हणशील, बाबाला पोटच्या पोरापेक्षा जंगलातले लोक जवळचे झाले. तसं नाही. तसं असतं तर मी पहिल्याच फेरीत बोट वर केलं असतं. तू वाईट धंदा करतोस असं मी कुठेही बोललो नाही. फ्रिज दुरुस्त करणं वाईट नाही. दवाखान्यात लस थंड राहते ती तुझ्या हातानं. पण भोक ठेवून गॅस विकणं, आणि वर त्याचा तमाशा करून लोकांच्या अंगावर उडवणं, याची मला ओकारी येते आणि मरेपर्यंत येईल. तुलाही येते. नाहीतर दवाखान्याचं भोक तू बुजवलं नसतंस. शेठनं झापलं तेव्हा तू ‘हो शेठ’ म्हणालास का, हे सत्यशीलानं लिहिलं नाही. मला वाटतं नसशील म्हणाला.

एजन्सी सुटली तर पहिले काही महिने कठीण जातील. मी येईन, जाळ्या धुवायला. सत्यशीला शिवण घेते म्हणाली होती. दवाखाना आहे, मोहर्लीचं विश्रामगृह आहे, त्यांना भोक बुजवणारा माणूस हवाच असेल. की नसेल? मला काय कळतं. मी चौथी शिकलेला.

कागदात ओळ एकच आहे, गुलाब. तू येऊन आपल्या हातानं लिहिलंस तर तू साक्षीदार. मी लिहिलं तर तू आरोपी. नाव तेच, दुकान तेच, पाहिलेलं तेच.

येत्या सोमवारी, चार तारखेला, पहिल्या बसनं मी चंद्रपूरला निघणार. ऑफिसच्या फाटकाशी थांबेन. साहेब दुपारी जेवायला उठतो, तोवर वाट पाहीन. तू आलास तर आपण दोघं मिळून वर जाऊ, आणि मी काही बोलणार नाही, तूच बोल. तू नाही आलास तर मी एकटा वर जाईन आणि तुझं नाव लिहीन. अक्षर माझं वाईट आहे, पण तुझं नाव मला नीट लिहिता येतं. शाळेत घालताना मीच लिहिलं होतं.

माझ्याकडून ते लिहवून घेऊ नको. येतो की येत नाही, एवढं सोमवारच्या आत कळव. मोहर्लीच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिलास तरी मला पोचतो.

तुझा बाबा
सोमाजी